माझ्या शिंकेचं गाऱ्हाणं

दसऱ्याचा दिवस. काजूच्या कारखान्यात यंत्रांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या. आम्ही तीस बाया एका बाजूला, पुरुष एका बाजूला. कारखान्याचे मालक भाई डोक्याला पांढरा रुमाल बांधून देवाच्या फोटोसमोर उभे राहिले आणि त्यांनी गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. भाई आमच्या गावचे मानकरीसुद्धा. देवळात पहिला नारळ त्यांचा, आणि गावाच्या वतीने देवाला जे काही सांगायचं ते त्यांच्याच तोंडून.

"हे देवा म्हाराजा! आज दसऱ्याच्या दिवसाक तुझी लेकरां तुझ्या पायाकडे उभी आसत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे पुरुष एका आवाजात.

"ह्या कारखान्याक बरकत दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कामावरच्या एका बायलमाणसाक कपड्यात मुतूची खोड लागली हा. तिच्यापायी माल बाटता. तिच्या हातसून काय चूकभूल घडली आसात ती तिका कळूदे. जत्रेक सगळ्यांसमोर चूक पदरात घेवन नारळ ठेवची तिका बुद्धी दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. एकोणतीस बायांनी माझ्याकडे बघितलं आणि लगेच खाली बघितलं. मी झेंडूच्या माळेकडे बघत राहिले. आणि त्या शेवटच्या "व्हय म्हाराजा"त मला एक आवाज ओळखू आला. माझ्या नवऱ्याचा.

तो ट्रॉलरवर खलाशी आहे. दसऱ्याला घरी होता. कामगारांच्या घरच्यांनाही त्या दिवशी जेवायला बोलावतात, म्हणून आला होता. जेवलाही. मी वाढत होते.

घरी येताना वाटेत मी त्याला विचारलं, "तू कित्याक म्हटलंस?"

"काय म्हटलंय?"

"व्हय म्हाराजा."

तो थांबला. खरंच आठवत होता बिचारा. मग म्हणाला, "अगो, सवय ती. गाऱ्हाना घातला की तोंडातसून आपोआप येता. माझा लक्ष खंय होता?"

मला त्याचा राग आला नाही. रागावायलाही अंगात काही लागतं. आमच्याकडे लहानपणापासून हेच शिकवलेलं असतं. कोणी देवापुढे उभं राहून म्हाराजा म्हटलं की बाकीच्यांनी व्हय म्हणायचं. काय सांगितलं ते ऐकायचं नसतं. त्याने आपल्याच बायकोच्या बेअब्रूला व्हय म्हटलं आणि वरण-भात जेवला.

आता ते मुताचं सांगते. भाईंनी सांगितलंच आहे, मी कशाला लाजू.

मी सोलणीत होते. म्हणजे भाजून फोडलेल्या काजूगरावरची तांबडी साल सुरीने काढायची. ती साल सुकलेली असते, तिची धूळ उडते. दिवसभर नाकात जाते. शिंका येतात. सगळ्यांनाच येतात, पण माझ्या प्रत्येक शिंकेबरोबर खाली थोडी लघवी जायची. शिंकले की जायची, खोकले की जायची, गोणी उचलली की जायची. सुनंदा माझ्या शेजारी बसायची. ती फार हसवायची, तर मी तिला म्हणायचे, "गप गो, माका हसव नको." तिला वाटायचं मी कामसू आहे.

चौदा वर्षं हे चाललं होतं. धाकटा मुलगा झाला तेव्हापासून. चांगला चार किलोचा होता, दीड दिवस अडला होता. बाविसाव्या दिवशी मी लावणीच्या चिखलात वाकून उभी होते, कारण पाऊस कोणाच्या बाळंतपणासाठी थांबत नाही आणि सासूला दुसरी सून नव्हती. पुढे मी सासूला हळूच सांगितलं, तर ती म्हणाली, "बाळंतपणात पोट नीट बांधूक नाय तुया, मगे होतलाच." म्हणजे तिथेही चूक माझीच. मला ते पटलं होतं, हे जास्त वाईट. मी जुन्या साड्यांचे तुकडे घड्या करून घ्यायचे, पिशवीत दोन जादा ठेवायचे. माहेरी नांदगावला जायचे तर एसटीत खिडकीजवळ उभी राहायचे, जागा असली तरी. सीट ओली झाली तर? भावाच्या लग्नात नाचले नाही. सगळे म्हणाले, मोठी शिष्ट झाली.

आणि पाणी प्यायचे नाही. सकाळी आठला कारखान्यात शिरले की पाचला बाहेर पडेपर्यंत घोटभरसुद्धा नाही. हा उपाय माझा एकटीचा नव्हता. सोलणीतली कोणीच बाई पाणी पीत नव्हती. कारखान्याच्या मागे एक संडास आहे, त्याला कुलूप आहे आणि चावी मुकादमीण शैलाबाईच्या कमरेला. चावी मागायला गेलं की शैलाबाई मोठ्याने विचारायची, "परत? काय गो, मधुमेह झालो तुका?" बाहेर ट्रक भरणारे गडी हसायचे. मग कोण मागणार?

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मला लागोपाठ पाच शिंका आल्या. घडी पुरली नाही. खालचं गोणपाट भिजलं, आणि शेजारी सोललेल्या गरांचं तबक होतं. त्याला काही लागलं नव्हतं. शैलाबाईने मात्र ते पायाने लांब सरकवलं आणि ओरडली, "माल बाटयल्यान!" ते तबक मग वेगळं नेऊन ठेवलं. नंतर त्याच गरांची पाकिटं भरून गेली, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. बाटलेला माल चालला. मी चालले नाही.

दसऱ्यानंतर मला सोलणीतून काढून बी फोडायच्या शेडमध्ये पाठवलं. तिथे पायाने दांडा दाबून बी फोडायची. टरफलाचं तेल हाताला लागतं, कातडी काळी पडते, सोलवटते. आणि पायाने जोर दिला की खाली काय होत असेल ते सांगायला नको. सोलणीतली माझी जागा खिडकीजवळ होती. अकरा वर्षांची जागा. शैलाबाई म्हणाली, "जत्रेक नारळ ठेव, चूक कबूल कर, मगे भाई बघतले."

जत्रेला अजून तीन महिने होते.

मी नारळ ठेवणार होते, खोटं कशाला सांगू. दमले होते. चूक कबूल करायची तर करू, त्यात काय, चौदा वर्षं मनातल्या मनात करतेच आहे. फक्त नेमकी कुठली चूक म्हणायची ते कळत नव्हतं. पण हाताला टरफलाच्या तेलाने फोड आले, ते दाखवायला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेले, आणि तिथे केसपेपर काढणाऱ्या बाईने विचारलं, "आणखी काही त्रास?" का कोण जाणे, मी म्हणाले, "आहे." तिने मला बायकांच्या डॉक्टरांच्या रांगेत बसवलं.

डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा लहान. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं, टेबलावर केसपेपरांचा ढीग. मी ऑफिसातली मराठी काढली. "पाणी जातं."

"लघवी का?"

"हो."

"कधी?"

"शिंकताना. खोकताना. वजन उचलताना."

"अचानक जोरात लागते, संडासापर्यंत पोचायच्या आधीच होते, असं?"

"नाही. तसं नाही."

"जळजळ? रात्री सारखं उठावं लागतं?"

"नाही."

ती लिहीत होती. मान वर न करता तिने विचारलं, "किती वर्षं?"

"चौदा."

तेव्हा तिने मान वर केली. लघवी तपासायला पाठवली, साखर तपासली. दोन्ही चांगलं निघालं. दोन तासांनी मला पुन्हा आत घेतलं, त्याआधी लघवीला जाऊ नका म्हणाली. मग टेबलावर झोपवून तपासलं आणि म्हणाली, "आता जोरात खोका."

मला खोकताच येईना. चौदा वर्षं दिवसातून पन्नास वेळा जो खोकला मी दाबत होते, तो मागितल्यावर येईना. घशातून नुसता आवाज निघाला. ती म्हणाली, "घाबरू नका, खोका." मी खोकले. जायचं ते गेलं. टेबलावरचा कागद भिजला.

"चुकलं बाई, माफ करा," मी म्हणाले. उठायलाच लागले, पुसायला.

"झोपा. माफी कसली? मला हेच बघायचं होतं."

तेवढंच बोलली ती. हातमोजे काढत होती, तिच्या दृष्टीने त्यात विशेष काही नव्हतं. पण मी त्या टेबलावर रडले, नाक फुरफुरवत, लाज सोडून. ज्याच्यासाठी मला देवापुढे उभं केलं होतं, ते एक बाई बघत होती आणि तिला त्यात चूक दिसत नव्हती.

मग तिने समजावून सांगितलं. खाली ओटीपोटाचा तळ असतो, स्नायूंचा. मूत्राशय त्याच्या आधारावर असतं. अवघड बाळंतपणात तो तळ ताणला जातो, नंतर लगेच जड कामं केली की सावरत नाही. मग पोटात जोर आला, शिंक, खोकला, ओझं, की दाब खाली येतो आणि दार धरून ठेवणारे स्नायू कमी पडतात. "फार बायकांना होतं हे," ती म्हणाली, "पण सांगत नाहीत." औषधापेक्षा आधी व्यायाम. वारा सरू नये म्हणून आपण आवळतो ना, तसं आवळायचं, वर ओढायचं, मनात पाच-सहा आकडे मोजायचे, सोडायचं. श्वास अडवायचा नाही, पोट-मांड्या ताठ करायच्या नाहीत. एका वेळी आठ-दहादा, दिवसातून तीनदा. लघवी करता करता मध्येच थांबवून हा सराव करायचा नाही. आणि शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळायचं, मग शिंकायचं. तिने हात घालून मला कुठले स्नायू ते कळवलं, कारण मी आधी नुसत्या भुवया आवळत होते. तीन महिने न चुकता करा म्हणाली. नाही भागलं तर आत बसवायची रिंग असते, ऑपरेशनही असतं, त्याला जिल्ह्याला पाठवीन.

आणि एक काम दिलं. तीन दिवस लिहून आणायचं. किती वाजता किती पाणी प्यायले, कधी लघवीला गेले, कधी गळली, तेव्हा काय करत होते.

मी मुलाच्या जुन्या वहीत लिहिलं. पुढच्या आठवड्यात ती वही तिने बघितली.

"आठ ते पाच पाणीच नाही?"

"कामावर पीत नाही. कोणीच पीत नाही."

"का?"

"चावी शैलाबाईकडे असते."

तिला कळलं नाही. मी सगळं सांगितलं. कुलूप, कंबर, ट्रकवाले गडी. तिने पेन खाली ठेवलं. म्हणाली, "पाणी न प्यायल्याने गळणं थांबत नाही. उलट लघवी गडद होते, जंतू वाढतात, बद्धकोष्ठ होतं, कुंथावं लागतं, तळ आणखी सैल होतो. तुम्ही सगळ्या जणी मिळून आजार वाढवताय." मग जरा थांबून म्हणाली, "तुम्ही म्हणजे तुम्ही नाही, ते कुलूप. कळतंय ना मी काय म्हणते ते?"

मला कळत होतं. कसालला एसटी बदलायची होती. स्टँडवर मी बाटलीभर पाणी घेतलं आणि उभ्याने सगळं प्यायले. किती तहान होती मला. वर्षांची तहान होती. आणि पहिल्यांदा राग आला. सावकाश आला, अंगात पाणी उतरावं तसा, आणि मग गेलाच नाही.

बी फोडायच्या शेडमध्ये सुनंदालाही पाठवलं होतं तोवर. माझी बाजू घेऊन बोलली म्हणून. मी तिला सगळं सांगितलं. ती बराच वेळ दांडा दाबत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "माका पण जाता."

"तुका?"

"तू एकटीच काय ती मोठी लागान गेलंस? मी हसवतंय तुका, आणि मी पण गळतंय."

आम्ही दोघी हसलो. दोघींचीही गेली थोडी. पुढच्या महिन्याभरात आणखी सहा जणी सांगून गेल्या, कोणी नळावर, कोणी एसटीत, आणि एक तर शैलाबाईची सख्खी जाऊ. मी सगळ्यांना शिकवलं. जेवणाच्या सुट्टीत आम्ही भिंतीला टेकून ओळीने बसायचो, तोंडं गंभीर, नजर समोर, कोणी काही बोलत नाही. शैलाबाईला वाटलं आम्ही संपाचा कट करतोय. दोनदा येऊन विचारून गेली, "काय चललाहा गो तुमचा?" सुनंदा म्हणाली, "देवाचा नाव घेतंव."

व्यायामाचा फरक पडायला सहा-सात आठवडे गेले. कंटाळा यायचा. घरची भाकरी, मासे, गुरं, कारखाना, आणि त्यात हे मोजणं. काही दिवस वाटायचं, काही उपयोग नाही. मग एकदा चुलीच्या धुराने मोठी शिंक आली, मी आधी आवळलं, आणि शिंकेनंतर तशीच कोरडी उभी राहिले. कोणाला सांगणार? नवरा समुद्रावर. मी चुलीला सांगितलं. आता दहातल्या सहा-सात शिंका कोरड्या जातात. बाकीच्या नाही. त्यासाठी जिल्ह्याला जायचं की नाही ते मी आणि डॉक्टरीणबाई ठरवू. देवळात ठरणार नाही ते.

जत्रा आली. सकाळी ओटी भरायची, नारळ ठेवायची रांग होती. आमच्या घराची पाळी नेहमी शेवटाकडे, आम्ही भाईंच्या जमिनीतली जुनी कुळं. भाई देवासमोर उभे होते, तोच पांढरा रुमाल. नवरा माझ्या बाजूला. माझ्या हातात नारळ.

"इलंस?" भाई म्हणाले. मोठ्याने, मागच्यांना ऐकू जावं म्हणून. "ठेव नारळ. चुकलंय म्हणान सांग देवाक."

मी नारळ ठेवला नाही. हातातच धरला.

"माझी चूक नाय, भाई. माका दुखणा आसा. डाक्तरान तपासल्यान. शिंकलंय की लघवी जाता, कारण बाळंतपणात खालचे स्नायू सैल पडले. आणि तुमच्या कारखान्यात तीस बायो आठ ते पाच पाणी पियत नाय, कारण संडासाक कुलूप आसा. ह्या तुमी गाऱ्हान्यात कित्याक सांगलात नाय?"

"देवळात ही भाषा?"

"ही भाषा आधी तुमीच देवापुढे काढलात."

भाईंचा चेहरा लाल झाला. ते माझ्याशी बोललेच नाहीत पुढे. देवाकडे वळले आणि हात जोडून आवाज चढवला. "हे देवा म्हाराजा! ह्या बायलमाणसाच्या तोंडाक लगाम नाय. हिका क्षमा कर म्हाराजा!"

आणि थांबले. व्हयची वाट बघत.

आला व्हय. पण विस्कळीत आला. काही म्हणाले, काही इकडेतिकडे बघत राहिले. माझ्या बाजूचं तोंड बंद होतं. मी वळून बघितलं, नवऱ्याने ओठ आवळून धरले होते. घसा हलत होता, पण आवाज नाही. चाळीस वर्षांची सवय होती, सोपं गेलं नसणार. तरी मी त्याचे आभार मानले नाहीत. आपल्या बायकोविरुद्ध गप्प बसला म्हणून आभार कसले मानायचे?

मी देवाला नमस्कार केला. त्याचा काही दोष नाही. हातातला नारळ तसाच घरी आणला.

दुसऱ्या दिवशी तो फोडला, खवला, वाटला आणि बांगड्याच्या कढीत घातला. सासू पहिला घास घेऊन म्हणाली, "ह्यो देवाचो नारळ मा गो?"

"नाय. माझो."

ती जेवली. दुसऱ्यांदा कढी मागून घेतली.

जत्रेपासून मी कामावर गेले नाही, आज शैलाबाईचा निरोप आलाय. यायचं तर बी फोडायला ये, सोलणीत तुला जागा नाही. सुनंदा विचारून गेली, काय करतलंस? मी तिला सांगितलं. ती म्हणाली, काढून टाकतील. टाकतील कदाचित. पोरांच्या फिया आहेत, मला भीती वाटते. पण मी पुन्हा त्या शेडमध्ये जाणार नाही.

बाटली भरून ठेवली आहे, दोन लिटरची. उद्या आठला मी सोलणीत खिडकीजवळ माझ्या जागेवर जाऊन बसणार. ती बाटली सगळ्यांसमोर उघडून पिणार. मग उठून, मोठ्याने, ट्रकवाल्यांना ऐकू जाईल अशी चावी मागणार. नाही दिली तर बसून आणखी पाणी पिणार आणि पुन्हा मागणार.